नाल्याखालचे १२ टक्के

मार्चमध्ये ऊस तुटून गेलेल्या रानातून, दोन्ही हातांत एकेक काठी घेऊन, पावलापावलाला ती मातीत टेकवत चालणारा माणूस दिसला की आमच्या भागातील शेतकऱ्याला पहिल्यांदा पाणाडी आठवतो. पन्हाळ्याच्या बाजूला एका बांधावर बसलेल्या आजोबांनी मला विचारले होते, "पाणी बघतायसा काय?" मी म्हणालो, "पाणी नाही आजोबा, पाइप बघतोय. तुमच्या रानाखालनं गेलेल्या पाइपचं कातडं कुठं फाटलंय ते." त्यांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "मग उकरल्याबिगार ते कसं कळंल?"

या प्रश्नाचे उत्तर देत माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. न उकरता कळते, आणि बरेच नेमके कळते. परंतु जे कळते त्याचा अर्थ लावताना आम्ही एक चूक वारंवार करतो, आणि ती चूक मी स्वतःही केलेली आहे. जखम किती मोठी आहे हे सांगणाऱ्या आकड्याला आम्ही जखम किती धोक्याची आहे हे सांगणारा आकडा समजतो. हा लेख त्या एका फरकाविषयी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात जमिनीखाली किती पोलाद पुरलेले आहे याची कल्पना वरून चालणाऱ्याला येत नाही. नदीकाठच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपसा वाहिन्या, काळम्मावाडी धरणातून शहराकडे येणारी सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन, औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या आणि अलीकडच्या वर्षांत आलेल्या गॅसच्या मुख्य वाहिन्या, हे सारे ऊस, भात आणि डांबरी रस्त्यांच्या खाली आहे. गॅसच्या गल्लीबोळांतील वाहिन्या पिवळ्या किंवा नारिंगी प्लास्टिकच्या असतात, त्यांना गंज लागत नाही. प्रश्न मोठ्या पोलादी वाहिन्यांचा असतो.

पोलादी पाइप जमिनीत घालताना त्यावर आवरण चढवतात. पूर्वी ते दगडी कोळशाच्या डांबराचे असे. आता बहुतेक महत्त्वाच्या वाहिन्यांवर तीन थरांचे पॉलिएथिलीन असते: पोलादाला घट्ट धरणारा इपॉक्सीचा पातळ थर, त्यावर चिकटवणारा थर आणि सर्वांत वर दोन-तीन मिलिमीटर जाडीचे पॉलिएथिलीन. चरात उतरवण्यापूर्वी पाइपवरून हजारो व्होल्टच्या हॉलिडे डिटेक्टरची स्प्रिंग फिरवतात आणि जेथे ठिणगी पडते तेथील छिद्र बुजवतात. परंतु खरी इजा बहुधा त्यानंतर होते. पाइप उतरवताना पट्टा घासतो, चर बुजवताना जेसीबीच्या बादलीतून मातीबरोबर धोंडा येतो, चार वर्षांनी दुसरा कोणी शेजारून केबल टाकताना बादलीचा दात लावून जातो. आवरण फाटते, वर माती पडते आणि कोणालाही काही दिसत नाही.

अशा फाटलेल्या जागेतून १ अँपिअर प्रवाह वर्षभर मातीत बाहेर पडत राहिला, तर सुमारे ९ किलो लोखंड त्याच्याबरोबर जाते. हे ९ किलो किलोमीटरभर उघड्या पाइपवर पसरून गेले असते तर कोणाला कळलेही नसते. तेवढाच प्रवाह बोटाच्या पेराएवढ्या जागेतून जाऊ लागला, तर पाइपची भिंत काही दिवसांतच आरपार होते. प्रत्यक्षातील प्रवाह याच्या कितीतरी पट लहान असतात, पण न्याय तोच राहतो. म्हणूनच आवरण असलेल्या पाइपला दुसरे संरक्षण लागते, आणि ते म्हणजे कॅथोडिक संरक्षण.

याची कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडून तांब्याचा गंज थांबवला. जमिनीखालच्या पाइपसाठी ती कल्पना १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे रॉबर्ट कुन यांनी वापरली, आणि तांबे-मोरचूद अर्धघटाच्या तुलनेत पाइप उणे ०.८५ व्होल्ट इतका ऋण ठेवला की गंज जवळजवळ थांबतो हा आजही वापरात असलेला निकष त्यांच्याच कामातून आला. आमच्याकडे वाहिनीच्या कडेला एका खोलीत टीआर (ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर) युनिट असते; ते विजेच्या लाइनवरून प्रवाह घेते, तो एकदिश करते आणि दूर पुरलेल्या ॲनोडमधून मातीत सोडते. मातीतून चालत तो प्रवाह पाइपकडे येतो आणि जेथे आवरण फाटले असेल तेथून पाइपमध्ये शिरतो. लोखंड विरघळते ते प्रवाह बाहेर पडताना. येथे तो आत शिरतो, म्हणून लोखंड वाचते.

आजोबांना मी हे इतक्या शब्दांत सांगितले नाही. मी एवढेच म्हणालो की मातीतून वीज पाइपकडे येते आणि जेथे भोक असते तेथेच शिरते. ते लगेच म्हणाले, "म्हंजे पाटाला भोक पडल्यागत." त्यांची उपमा माझ्या पुढच्या सगळ्या प्रशिक्षणवर्गांत मी वापरली आहे. पाटाच्या तळाला भोक पडले की त्याच्या आसपासचे पाणी त्या दिशेने उतरू लागते, आणि पाण्यावर पडलेले पान भोक कोठे आहे ते दाखवते. मातीतही तसाच उतार तयार होतो, पाण्याच्या पातळीचा नव्हे तर व्होल्टेजचा, आणि जखमेच्या जितके जवळ जावे तितका तो उतार तीव्र होतो. आमच्या हातातील दोन काठ्या हा उतार मोजतात. काठीच्या टोकाशी सच्छिद्र बूच असते, आत मोरचुदाचे संपृक्त द्रावण आणि त्यात तांब्याची कांडी. हाच तो अर्धघट. दोन काठ्यांच्या मध्ये एक संवेदनशील मिलिव्होल्टमीटर, ज्याचा शून्य तबकडीच्या मध्यभागी असतो.

मातीत इतरही पुष्कळ व्होल्टेज असतात, त्यामुळे आपला संकेत ओळखता यावा म्हणून टीआर युनिटला प्रवाह ठरावीक तालात तोडणारा एक इंटरप्टर जोडतात. सामान्यतः ०.३ सेकंद प्रवाह चालू आणि ०.६ सेकंद बंद असे त्याचे चक्र असते. मीटरचा काटा त्याच तालात हलला तर तो संकेत आपला, नाही तर परका. ऑस्ट्रेलियातील जॉन मुल्व्हेनी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलिफोन केबलींसाठी ही पद्धत विकसित केली, आणि पुढे ती पाइपलाइनवर आली. आमच्या बोलण्यात तिचे नाव डीसीव्हीजी, म्हणजे डायरेक्ट करंट व्होल्टेज ग्रेडियंट.

चालताना काटा पुढे झुकत जातो. जखम पुढे आहे. मग एके ठिकाणी तो उलट झुकतो. जखम मागे राहिली. मागे येऊन दोन्ही काठ्या जखमेच्या दोन बाजूंना समान अंतरावर पडल्या की काटा हलतच नाही. तेच काठ्या पाइपला आडव्या दिशेत टेकवून केले की वीतभर जागेत बिंदू मिळतो आणि तेथे खुंटी ठोकायची. चांगल्या ओल्या मातीत इतक्या नेमकेपणाने जागा सापडते, हे पाहून मला आजही समाधान वाटते.

खुंटी ठोकल्यावर जखमेचे टक्के काढतात, आणि येथूनच माझी गोष्ट सुरू होते. बिंदूपासून पाइपला काटकोनात बाहेर चालत, जेथे उतार संपतो त्या दूरच्या मातीपर्यंतचे सगळे मिलिव्होल्ट बेरजेत घ्यायचे. या बेरजेला त्या जागी पाइप आणि दूरची माती यांच्यात जो एकूण संकेत असेल त्याने भागायचे. तो एकूण संकेत त्या जागी थेट मोजता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या टेस्ट पोस्टवर, म्हणजे पाइपला तारेने जोडलेल्या मापनाच्या खांबांवर, मोजून अंतराच्या प्रमाणात काढतात. समजा, दोन पोस्ट १,२०० मीटर अंतरावर आहेत, पहिल्यावर ४२० आणि दुसऱ्यावर ३०० मिलिव्होल्ट मिळाले, आणि जखम पहिल्यापासून ८०० मीटरवर आहे. तर तेथे ३४० मिलिव्होल्ट धरायचे. बाहेर चालताना बेरीज ४१ आली असेल तर जखम १२ टक्क्यांची. रूढ वर्गवारीत १५ टक्क्यांपर्यंतच्या जखमा सर्वांत खालच्या वर्गात जातात, ३५ पर्यंतच्या दुसऱ्या, ६० पर्यंतच्या तिसऱ्या आणि त्यावरच्या चौथ्या. खालच्या वर्गाविषयी सर्वसाधारण सल्ला असा असतो की संरक्षण नीट चालू असेल तर उकरण्याची घाई नको.

वरील आकडे मी उदाहरणासाठी जुळवलेले नाहीत. २०१८ च्या मार्चमध्ये पन्हाळ्याच्या बाजूच्या एका पाण्याच्या वाहिनीवर ते मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या एका तरुण अभियंता मुलीने घेतले होते. वाहिनी २००४ मध्ये टाकलेली, आणि कॅथोडिक संरक्षण चालू व्हायलाच पुढची चार वर्षे गेलेली. तिचा मार्ग मुरमाच्या माळावरून उतरून, एका नाल्याखालून जाऊन, पलीकडे काळ्या रानात शिरतो. आम्हाला ११ जखमा मिळाल्या. पहिल्या तीन माळावर होत्या, ५८, ४७ आणि ४१ टक्क्यांच्या. नाल्याखालची १२ टक्क्यांची जखम यादीत नवव्या क्रमांकावर गेली.

नाल्यात पाइप खोल जातो. पाइप लोकेटरने खोली पाहिली तेव्हा माथ्यावर २.८ मीटर माती होती. माळावर ती १.२ मीटर होती. त्या मुलीने मला विचारले, "सर, खोली कुठे लिहू? तक्त्यात रकाना नाही." मी म्हणालो, "वहीत लिहून ठेवा." तिने वहीत लिहिली. अहवाल तक्त्यावरून तयार झाला, टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने. वही माझ्या कपाटात राहिली.

वाहिनी ज्यांची होती त्यांनी त्या वर्षी पैसे होते तेवढे, म्हणजे पहिले तीन खड्डे घेतले. मी हजर होतो. माळावरच्या तिन्ही ठिकाणी आवरण वाईट रीतीने फाटलेले होते. एका ठिकाणी तर पुस्तकाच्या आकाराचा तुकडाच गेला होता. पण पोलाद जवळजवळ निरोगी होते. वर तांबूस पातळ थर, घासला की खाली स्वच्छ धातू, आणि पोलादात खळगा पडलेला नाही. आम्ही दुरुस्त्या केल्या, चर बुजवले, सगळ्यांना वाटले काम मार्गी लागले. इतक्या मोठ्या जखमा आणि गंज नाही, याचे आश्चर्य मला वाटले होते. त्याचे कारण मी तेव्हा शोधायला हवे होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. टीआर युनिटची खोली पाण्यात गेली, विजेची जोडणी गेली आणि ती पुन्हा सुरू व्हायला सात महिने लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत नाल्याच्या कडेला पाणी वर येऊ लागले. उकरले तेव्हा गळती आमच्या खुंटीच्या वीतभर आत होती. पाइपच्या खालच्या बाजूला, घड्याळाच्या भाषेत पाच वाजण्याच्या जागी, एक धोंडा पाइपला टेकून बसला होता आणि त्याने आवरण अंगठ्याच्या नखाएवढे कापले होते. त्या नखाएवढ्या जागेत भिंत आरपार गेली होती.

त्या संध्याकाळी मी वही काढली. जखम पाइपच्या खोलीच्या मानाने लहान असेल, तर जमिनीवर मिळणारा संकेत साधारणपणे खोलीच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. खोली दुप्पट तर संकेत सुमारे निम्मा. २.८ मीटरखालून १२ टक्के दाखवणारी जखम १.२ मीटरवर असती, तर तिने २८ टक्क्यांच्या आसपास दाखवले असते आणि ती सरळ दुसऱ्या वर्गात गेली असती. शिवाय ती पाइपच्या खालच्या बाजूला होती, म्हणजे मातीतून तिचे अंतर आणखी जास्त. टक्का खोटा नव्हता. तो खोलीशिवाय वाचला गेला होता.

पण केवळ खोलीने गोष्ट पूर्ण होत नाही, कारण २८ टक्के धरले तरी माळावरच्या ५८ टक्क्यांच्या जखमेत पोलाद चकचकीत का आणि येथे भोक का, हे उरतेच. याचे उत्तर मातीत आहे. माळाचा मुरूम सच्छिद्र, हवा खेळणारा. नाल्याखालची काळी माती बाराही महिने ओली आणि हवेविना. एकाच पाइपचा काही भाग हवेशीर मातीत आणि काही भाग हवा नसलेल्या मातीत असेल, तर पाइप स्वतःच एक बॅटरी बनतो: हवेशीर भाग कॅथोड होतो आणि सुरक्षित राहतो, हवा नसलेला भाग ॲनोड होतो आणि त्या हवेशीर भागाच्या वाट्याचाही गंज स्वतः सोसतो. माळावरच्या तीन मोठ्या जखमा या बॅटरीचा प्रशस्त कॅथोड होत्या आणि नाल्याखालचे नखाएवढे पोलाद तिचा चिमुकला ॲनोड. संरक्षण चालू नव्हते त्या पहिल्या चार वर्षांत हेच चालले असणार. मोठ्या जखमा निरोगी होत्या याचे कारण लहान जखम आजारी होती. आम्ही उकरलेला प्रत्येक स्वच्छ खड्डा खरे तर सांगत होता की गंज दुसरीकडे कोठेतरी चालू आहे. पुढे महापुरानंतर संरक्षण बंद पडले तेव्हा अर्धवट खाल्लेली भिंत उरलीसुरली गेली.

याची एक खूण डीसीव्हीजीमध्येच मिळत होती. प्रवाह चालू असताना काटा कोणत्या दिशेला झुकतो एवढे पाहून थांबायचे नसते. प्रवाह बंद असतानाच्या क्षणी तो कोणत्या दिशेला राहतो तेही पाहायचे असते. बंद क्षणीही प्रवाह जखमेत शिरतच असेल तर ती जखम आपल्या बळावर कॅथोड आहे. बंद क्षणी दिशा उलटत असेल, तर संरक्षण आहे तोपर्यंतच ती सुरक्षित आहे; ते गेले की ती ॲनोड होते. नवव्या क्रमांकासमोर आम्ही हा दुसरा शेरा लिहिलेला होता. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, दोन अक्षरांत. वाचणाऱ्याने तो टक्क्याच्या आधी वाचावा असे आम्ही कोठेही म्हटले नव्हते. हा दोष खड्डे निवडणाऱ्यांचा नव्हता. अहवाल माझा होता.

जो धडा मला त्याहून अस्वस्थ करतो तो त्याच खड्ड्यात होता. गळतीपासून दोन मीटरवर पाइपचा एक जोड उघडा पडला. पाइप साधारण १२ मीटर लांबीचे येतात, म्हणजे किलोमीटरमागे ऐंशीच्या वर जोड, आणि प्रत्येक जोडावरचे आवरण कारखान्यात नव्हे तर रानात, तापवून आकसणाऱ्या स्लीव्हने चढवलेले असते. पावसाळ्याच्या घाईत, पृष्ठभाग पुरेसा न तापवता, धूळ न काढता ती लावली तर ती चिकटल्यासारखी दिसते, पण आत पोकळी राहते. त्या जोडावरची स्लीव्ह बाहेरून अखंड होती. सुरीने कापली तेव्हा आतून पाणी आणि काळा चिखल आला, आणि पोलादावर बोटाने चाचपता येतील असे खळगे होते. पाणी कडेने शिरले होते, परंतु प्लास्टिकची चादर प्रवाहाला आत पोहोचू देत नव्हती. संरक्षणाचा प्रवाह तेथे जात नाही, म्हणून तेथे व्होल्टेजचा उतारही नाही, म्हणून डीसीव्हीजी तेथे काहीच ऐकत नाही. दोन मीटरवरून आम्ही त्याच्या डोक्यावरून चालत गेलो होतो आणि काटा स्थिर होता. काटा स्थिर राहिला म्हणजे तेथे प्रवाह शिरत नाही, एवढेच त्यातून कळते. आवरण चांगले आहे, की सुटलेल्या आवरणाने प्रवाह अडवून धरला आहे, हा भेद जमिनीवरची कोणतीही विद्युत पद्धत करू शकत नाही.

दर मीटर-दोन मीटरला पाइप आणि माती यांच्यातील व्होल्टेज, प्रवाह चालू व बंद अशा दोन्ही अवस्थांत, नोंदवत जाणारी सिप्स (क्लोज इंटरव्हल पोटेन्शियल सर्व्हे) तपासणी संरक्षण पुरेसे आहे का ते उत्तम सांगते, पण सुटलेल्या आवरणाखालच्या गंजापुढे तीही तितकीच मुकी आहे. पाइपमध्ये विशिष्ट वारंवारतेचा प्रवाह सोडून तो कोठे गळतो ते पाहणारी पद्धतही तशीच. १९४० च्या दशकातील पिअर्सन पद्धत, जिच्यात दोन माणसे बुटांना लोखंडी टोके बांधून एकामागे एक चालत आणि कानाला हेडफोन लावून आवाज ऐकत, आता फारशी कोणी वापरत नाही. तिचीही मर्यादा हीच होती. अशा जोडांसाठी पाइपच्या आतून जाणारे तपासणी यंत्र हवे, आणि ते जात नसेल तर निवडक जोड उघडून पाहण्याला पर्याय नाही.

गनाइटिंग केलेल्या, म्हणजे सिमेंट मॉर्टर फवारून लेप दिलेल्या पाइपविषयीही विचारणा होते, कारण पाण्याच्या जुन्या वाहिन्यांवर ते पुष्कळ आहे. ओले सिमेंट स्वतः वीज वाहून नेते, त्यामुळे जखम आणि निरोगी जागा यांच्यात जो ठळक भेद या पद्धतीला लागतो तो तेथे मिळत नाही. कॅथोडिक संरक्षण नसलेल्या, पण रोधक आवरण असलेल्या वाहिनीवर मात्र काम करता येते: एखाद्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पाइपला जोडणी घ्यायची, ओल्या चारीत लोखंडी सळ्या ठोकायच्या आणि बॅटरी व इंटरप्टर लावून तात्पुरता प्रवाह सोडायचा. काही पाणीपुरवठा संस्थांसाठी मी हे केलेले आहे. गळती शोधण्यासाठी अंदाजाने शंभर फूट चर काढण्यापेक्षा यात एका शेतकऱ्याचे एक पीक वाचते.

आमच्या भागात या कामाला ऋतू असतो. उभ्या उसातून सरळ रेषेत चालता येत नाही, म्हणून कारखान्यांचा गळीत हंगाम चालू झाला की तोडीच्या मागोमाग जायचे. आणि खोडव्याला पहिले पाणी दिल्यानंतरचे दोन-चार दिवस सर्वांत चांगले, कारण ओल्या मातीत अर्धघटाचा स्पर्श चोख मिळतो. मेमधला मुरूम भट्टीसारखा कोरडा असतो. तेथे प्रत्येक टेकवणीला बाटलीतून पाणी ओतावे लागते. डांबरी रस्त्यावर कडेची माती शोधावी लागते. उच्चदाबाच्या तारांना समांतर जाणाऱ्या वाहिनीवर टेस्ट पोस्टला हात लावण्यापूर्वी प्रत्यावर्ती व्होल्टेज मोजलेच पाहिजे. १५ व्होल्टच्या वर असेल तर हातमोज्यांशिवाय काम करू नये. पाइप जमिनीत आहे, त्यात कोठून वीज येणार, असे समजणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी प्रथम हे शिकवतो.

२०२१ नंतर माझ्या तक्त्यात खोलीचा रकाना दुसरा असतो, टक्क्याच्या आधी. त्या मुलीने, जी आता स्वतः पथक चालवते, तो आखला. त्याच्या शेजारी मातीचा रोध असतो, म्हणजे माती विजेला किती अडवते ते; रोध कमी तितकी माती गंजाला अनुकूल. चार खुंट्या समान अंतरावर ठोकून घेतलेले हे मापन प्रत्येक जखमेच्या जागी करावे लागते. जांभ्याच्या भागात ते शेकडो ओहम-मीटर येते आणि शिरोळच्या क्षारपड रानांत दहाच्याही खाली. मग प्रवाह बंद असतानाची दिशा, आणि मग टीआर युनिट मागच्या तीन वर्षांत किती महिने बंद होते ही माहिती, जी मागायला थोडे धैर्य लागते, कारण कोणालाही ती द्यायला आवडत नाही. या सगळ्यानंतर टक्का. खड्ड्यांचा क्रम त्या एका आकड्यावर न लावता आम्ही बसून लावतो, आणि कधी कधी त्यात तासभर वाद होतो.

यंदाच्या फेब्रुवारीत शिरोळ तालुक्यातील एका वाहिनीवर आम्ही ७ टक्क्यांची जखम यादीत पहिली ठेवली. मातीचा रोध ४ ओहम-मीटर, बंद क्षणी दिशा उलटी, वर २ मीटर माती. दोन अंकी टक्क्यांच्या जखमा सोडून वरच्या क्रमांकावर इतकी लहान जखम का, असा प्रश्न बैठकीत आला, आणि त्या मुलीने नाल्याचे छायाचित्र दाखवले. खड्डा घेतला तेव्हा आवरणावर एक तिरपा चिरा होता, नाण्याची कड बसेल एवढा. त्याखाली ७.१ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ३.४ मिलिमीटर खोल खळगा मिळाला. वाळूच्या फवाऱ्याने जागा साफ केली, खळगा भरला, नवे आवरण चढवून हॉलिडे तपासणी केली, शेजारचे दोन जोडही उघडून पाहिले. दोन्ही चांगले निघाले. चाळलेल्या मातीने चर बुजवला आणि दुसऱ्या दिवशी रानमालकाने त्यावरून सरी ओढली.